माऊलीच्या बेसचा कापलेला कान

माऊली हे नाव ज्यानं ठेवलं त्याला आज कुणी समोर आणून उभं केलं, तर माऊली त्यालाही दोन ठेवून देईल. चकलांब्याच्या धुळाजीचा हा थोरला. वय त्रेचाळीस, उंची बेताची, मान जाड, आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. माणूस वाईट नाही, पण त्याच्या हाताला तोंडाच्या आधी बोलायची खोड. गेवराईच्या मंगल कार्यालयात नवरदेवाच्या मामानं चहाचा कप याच्या स्पीकरवर टेकवला, तर यानं मामाला कपासकट स्टेजवरून खाली उतरवलं. माजलगावला एका शहाण्यानं विचारलं, "गिटारीला चारच तारा कशा बे? दोन विकून खाल्ल्या का?" तो शहाणा आठवडाभर एकाच बाजूनं जेवत होता.

तर माऊली बेस गिटार वाजवतो. बीडच्या रामेश्वरचा ऑर्केस्ट्रा आहे, लग्नाच्या, हळदीच्या, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या सुपाऱ्या घेतो. आपल्या जिल्ह्यात सुपारी म्हटलं की माणूस आधी दचकतो, पण ही सुपारी गाण्याबजावण्याची. गाणारी पोरगी पुढं उभी असते, लोक तिच्याकडं बघतात. ढोल-ड्रम वाजवणारा हातवारे करतो, लोक त्याच्याकडं बघतात. मागं अंधुक उजेडात माऊली उभा असतो आणि त्याच्याकडं कुणीही बघत नाही. सगळं गाणं त्याच्या चार तारांवर उभं असतं, पण ते कळतं कधी, तर त्या बंद पडल्यावर. मग नाचणाऱ्यांचे पाय चुकायला लागतात आणि ते एकमेकांना शिव्या देतात.

हे खूळ त्याच्या डोक्यात शिरलं ते मारातूनच. बारा वर्षांचा असताना बापाबरोबर मेंढरं घेऊन अंबाजोगाईकडं गेलता. एका दुपारी कुठल्याशा कॉलेजात गॅदरिंगची तालीम चालली होती. भिंतीपलीकडून एक आवाज आला. कानात शिरायच्या आधी तो पोटात शिरला. बिरोबाच्या जत्रेत मोठा ढोल जवळून वाजला की बरगड्या हलतात, तसं, पण ह्यात सूर होता. पोरगं मेंढरं सोडून भिंतीवर चढलं ते तास-दीड तास उतरलंच नाही. तोवर मेंढरं शेजारच्या हरभऱ्यात. शेतमालकानं धुळाजीला चार माणसांत काठीनं झोडपला. धुळाजीनं मार मुकाट्यानं खाल्ला, राहुटीकडं आला आणि तीच काठी पोराच्या पाठीवर मोडेस्तोवर चालवली. माय साखराबाई मधी पडली तर तिलाही बसली. माऊली आजही सांगतो, "पाठ सुजली हुती, पर पोटात त्यो आवाज तसाच हुता."

विसाव्या वर्षी त्यानं बापाचा लाडका एडका परस्पर बाजारात नेला आणि परभणीच्या एका बंद पडलेल्या बँडवाल्याकडून जपानी बनावटीची जुनी बेस घेऊन घरी आला. धुळाजीनं अंगणात काठी उचलली. या वेळी पोरानं ती हवेतच धरली आणि गुडघ्यावर ठेवून दोन तुकडे केले. त्या दिवसापासून धुळाजीनं पोरावर हात टाकला नाही. पोराशी बोलणंही जवळजवळ टाकलं. पुढं बबिता सून म्हणून आली, मग काम असलं की धुळाजी तिला सांगायचा, "त्येला म्हनावं, पेंड संपली." माऊली तीन हातांवर बसलेला असायचा.

दुसरी बेस लाल रंगाची, कलकत्त्याची, धारूरच्या एका मंडपवाल्याच्या गोदामात सापडली. तो गडी तिचा दांडा दाराला टेकण म्हणून वापरत होता. माऊलीनं मागितली, त्यानं चेष्टा केली. पुढं काय झालं ते माऊलीच्या भुवईवरच्या तीन टाक्यांना विचारा. बेस मात्र घरी आली.

तिसरी खरी. ती जर्मन होती, साठ-पासष्ट सालची, व्हायोलिनच्या घाटाची, आतून पोकळ, हातात घेतली तर रिकाम्या टोपलीएवढी हलकी. अंबाजोगाईच्या अजिनाथ मास्तरांकडं ती होती. मास्तर तरुणपणी सिकंदराबादच्या एका हॉटेलात बँडमध्ये वाजवायचे, बँड मोडला तेव्हा पगाराच्या जागी ती घेऊन आले. माऊली तिच्यासाठी दोन वर्षं त्यांच्या दारी गेला. म्हातारा काही कमी तापट नव्हता. समोर बसवून वाजवायला लावायचा आणि सूर नको तिथं लांबला की बोटांवर हातातली छडी ओढायचा. ज्या माऊलीनं बापाची काठी मोडली, तो म्हाताऱ्याच्या छडीखाली बोटं पुढं करून बसायचा. गावात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

शेवटी मास्तरांनी बेस दिली. म्हणाले, "पन्नास वर्षांत हिचा एक स्क्रूसुद्धा मी बदलला नाही. जशी दिली तशी ठेव. हिच्या अंगाला सुरी-करवत लागली असं कळलं, तर मी वरून येऊन तुझी बोटं तोडीन." एकच सूट मिळाली. तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखालचा फोम कुजून पिठासारखा झाला होता, तिथं माऊलीनं घरच्या मेंढीची लोकर दाबून बसवली. त्यानं सूर आखूड, गोल आणि दमदार झाला. मास्तरांनी तो ऐकला, छडी बाजूला ठेवली आणि सहा महिन्यांनी वारले.

आता ह्या बेसच्या शेंड्याला तारा पिळायच्या चार चाव्या असतात. जर्मन बेसच्या त्या चाव्या शिंपल्यासारख्या पांढऱ्या प्लास्टिकच्या, पसरट. माऊली त्यांना कान म्हणायचा. "कान पिळल्याबगर सूर लागत न्हाई," असं घरात दिवसातून दहादा व्हायचं. बबिता झाडताना गिटारीला हात लावायला गेली की हा ओरडायचा, "कानाला धरू नगं!" तीही चिडून म्हणायची, "सांभाळा तुमचा कळप. आमाला काय करायचाय." तीन गिटारींचा कळप. घरातल्या सगळ्यांना हा शब्द अंगवळणी पडला होता, म्हाताऱ्यालासुद्धा.

मागच्या माघात रामेश्वरला एक मोठी सुपारी आली. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची, रविवारची. त्यात ड्रम आणि बेसचा सवाल-जवाब ठेवायचा ठरला. ड्रम धर्मराज वाजवायचा. सडपातळ, हसरा गडी, शिरूर तालुक्यातला, मनगटात नुसती वीज. त्याचं आणि माऊलीचं अकरा वर्षांचं येणंजाणं. माऊलीचा हात आजवर ज्याच्यावर पडला नव्हता अशी जी पाच-सात माणसं जिल्ह्यात होती, त्यांतला एक.

मंगळवारी बीडला, बसस्टँडमागं कोचिंग क्लासच्या माडीवर रामेश्वरची तालमीची खोली आहे, तिथं धर्मराज काड्या फिरवत म्हणाला, "माऊल्या, रविवारी बघ. भर सभेत तुझ्या गिटारीचे कान कापतो का न्हाई!"

आपल्याकडं एकानं दुसऱ्यावर मात केली की कान कापले म्हणतात. हे शाळेतल्या पोरालाही माहीत. सगळे हसले, माऊलीही हसला.

गुरुवारी सकाळी त्यानं घरी जर्मन बेसची पेटी उघडली. चार कानांतला खालचा एक कान कापलेला होता.

तुटलेला नव्हता, कापलेला. कडेला दोन तिरक्या चिरा देऊन मधला त्रिकोण काढलेला. कडा वितळून काळसर झाल्या होत्या, म्हणजे कुणीतरी सुरी तापवून, सावकाश, हात न हलवता काम केलं होतं. माऊलीनं नाक जवळ नेलं, तर जळक्या प्लास्टिकचा वास अजून येत होता. मास्तर डोळ्यापुढं उभे राहिले. पन्नास वर्षं त्या माणसानं जे जपलं, ते आपल्याकडं तीन वर्षंही टिकलं नाही. माऊली ओट्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. बबितानं पहिल्यांदाच त्याला तसं बघितलं. मग त्यानं डोळे पुसले, बेस पेटीत घातली, मोटारसायकलला बांधली आणि बीडची वाट धरली. बुधवारी दिवसभर तो आष्टीकडं सुपारी ठरवायला गेलता, घरात बबिता तेवढी, तीही दुपारी शेतात. कुणीही येऊन जावं अशी वेळ होती. आणि कापीन म्हणून तोंडानं सांगितलेला माणूस एकच होता.

माडीवर धर्मराज ड्रमसमोर बसला होता. सवाल-जवाबातला नवा तुकडा त्यानं नुकताच रामेश्वरला वाजवून दाखवला होता आणि स्वतःवर खूश होता. माऊली दारात उभा राहिला.

"कान कापलास का बे?"

धर्मराजला वाटलं, मंगळवारची चेष्टाच चाललीय. तो हसला. "एक कापला! आत्ताच. इचार रामेश्वरभाऊला. ऱ्हायलेले तीन रविवारी."

एवढंच बोलणं झालं. रामेश्वर नंतर सगळ्यांना सांगायचा की मला वाटलं, आता हा पण हसणार. माऊलीनं सिंबलचा लोखंडी स्टँड उपटला. धर्मराजनं तोंड वाचवायला उजवा हात वर केला आणि पहिला घाव मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज त्या खोलीत, जिथं दिवसभर ढोल बडवतात, तिथंही वेगळा ऐकू आला. दुसरा घाव त्याच मनगटावर. तिसऱ्याला रामेश्वरनं मागून मिठी मारली, तर माऊलीनं त्याला भिंतीवर आपटला. खालून क्लासची पोरं धावत आली तेव्हा धर्मराज ड्रमच्या खाली पडला होता, आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "म्या काय केलं? आरं म्या काय केलं?"

माऊलीला ते ढोंग वाटलं. जाता जाता त्यानं त्याच्या बरगडीत लाथ घातली.

मनगटाचे तीन तुकडे झाले होते. डॉक्टरांनी आत धातूची पट्टी घातली, वर प्लास्टर घातलं आणि सांगितलं, हात हलेल, पण पहिल्यासारखा नाही. ज्याची सगळी मिळकत त्या मनगटाच्या झटक्यावर, त्याला हे सांगितलं. धर्मराज पोलिसात गेला नाही. खाटेवरून जो भेटायला येईल त्याला एकच निरोप दिला: "माऊल्याला सांगा, माझा उजवा गेला, त्याचा डावा ठेवनार न्हाई."

बेस वाजवणाऱ्याची सगळी करामत डाव्या हाताच्या बोटांत असते. निरोप अचूक होता.

रामेश्वरनं फोन केला, कुठंतरी पाहुण्याकडं निघून जा म्हणाला. माऊलीनं त्याला दोन शिव्या दिल्या आणि दारात खाट टाकून बसला. शेजारी कुऱ्हाड. चार दिवस तो तसाच जेवला, तसाच बसला. येणाऱ्या प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठायचा. मनात म्हणायचा, येऊ द्या. खरं तर तो आला तर बरंच, असंही त्याला वाटायचं, कारण ते "म्या काय केलं" कानातून जात नव्हतं आणि ते घालवायला अजून एक मारामारी हवी होती. मारामारीनं गोष्टी मिटतात, हे तो लहानपणापासून शिकला होता.

बबिता भाकरी ठेवताना म्हणाली, "त्येला इचारलं हुतं का नीट?"

"इचारलं. त्योच म्हनला, कापला म्हनून."

"हसत म्हनला का रागानं?"

माऊलीनं ताट सरकवलं. तिनं ते पुन्हा पुढं केलं. बुधवारी घरी कुणी आलतं का, हे तिला सासऱ्याला विचारायचं होतं, पण धुळाजी घरी नव्हता. गोदाकाठी एकाच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली होती, तो तिकडं होता. मधी बुधवारी पीठ-मीठ न्यायला येऊन गेलता, बबिता रानात असल्यानं तिची भेट झाली नव्हती.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला जीप आली. पुढून धर्मराज उतरला. उजवा हात गळ्यात अडकवलेला, डाव्यात लोखंडी पाईप. मागून त्याचे दोन चुलतभाऊ, काठ्या घेऊन. आळीतली दारं फटाफट लागली. माऊली कुऱ्हाड घेऊन अंगणात उतरला.

"तुमी दोगं मागंच ऱ्हावा," धर्मराज भावांना म्हणाला. त्याचे गाल बसले होते. "माऊल्या, हात तर म्या तोडनारच. पर आधी सांग, कशापायी मारलंस? अकरा वर्षं एका ताटात जेवलो बे. कुत्र्याला मारताना बी मानूस कारन बघतो."

माऊली आत गेला आणि बेस घेऊन आला. एका हातात कुऱ्हाड, एका हातात बेस. शेंडा त्याच्या तोंडापुढं धरला. "ह्यो कान कुनी कापला?"

धर्मराज बघत राहिला. कापलेली चावी, तिचा त्रिकोण, मग माऊलीचं तोंड. त्याला उमगलं तसा त्याचा चेहरा पडत गेला. "ह्येला तू कान म्हनतूस? आरं येड्या... म्या वाजवायचं बोलत हुतो. कान कापतो म्हंजी हरवतो. ही चावी म्या बघितली बी न्हाई. त्या आठवड्यात तुझ्या घरी कवा आलतो म्या?"

"खोटं बोलू नगंस!" माऊली ओरडला. पण आवाज फाटला.

आणि ह्याच वेळेला फाटकातून धुळाजी आत आला. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, मागं एक लंगडी मेंढी, तिला औषध पाजायला आणली होती. कुऱ्हाड, पाईप, काठ्या, सगळं त्यानं बघितलं. मग त्याची नजर बेसच्या शेंड्यावर गेली आणि म्हातारा चक्क हसला. भांडण गिटारीच्या मालकीचंच असावं, अशा समजुतीनं तो पुढं झाला.

"पावनं, ती आमचीच हाय. खूण बघा की कानाची." त्यानं लंगड्या मेंढीचा कान धरून वर केला. कडेला दोन तिरक्या चिरा, मधला त्रिकोण काढलेला. "आमच्या घरची खूण. चार पिढ्यांची. म्या सोताच्या हातानं केली."

बबिता दाराची चौकट धरून खाली बसली.

म्हाताऱ्याला वाटलं, ह्यांना पटेना. तो समजावून सांगायला लागला. बुधवारी पीठ न्यायला आलतो. कोकरांचे कान कापायची सुरी संगं हुतीच. माणसं म्हणतात ही लई मोलाची हाय, पुण्याचं मानूस फोटो काढून घेऊन गेलं. कुणी उचलून नेली तर वळखायची कशी? बिनखुणेचं जनावर ज्याच्या हाती पडंल त्याचं. पोरगं कळप म्हनतंय, कान म्हनतंय. मग कळपातल्या जनावराला खूण नगं? "बाकीच्या दोगींचे कान लोखंडी निगाले," तो म्हणाला, "सुरी चालंना. न्हाईतर त्येंची बी केली असती. सुरी तापवून घेतली, म्हंजी दुखत न्हाई." मग त्याचं त्यालाच हसू आलं, लाकडाला कसलं दुखणं.

माऊलीचा कुऱ्हाडीचा हात वर गेला. ही गोष्ट खरी आहे आणि लपवण्यात अर्थ नाही. तो बापाकडं वळला होता आणि कुऱ्हाड डोक्याच्या वर होती. बबिता किंचाळली. धुळाजी मागं सरला नाही. त्याला अजून समजलंच नव्हतं की काय चुकलं. तो पोराकडं बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर अर्धं हसू तसंच होतं, काहीतरी भलं केलेल्या माणसाचं.

ते हसू बघितलं आणि माऊलीचा हात खाली आला. वीस वर्षं ज्या खेळण्यांकडं म्हातारा थुंकायचा, त्यांतल्या एकीला त्यानं घरची खूण केली होती. आपल्या कळपात घेतली होती. बोलता येत नव्हतं म्हणून सुरीनं केलं होतं. बापानं आयुष्यात केलेलं एवढं एकच कौतुक, आणि ते बघून आपण धर्मराजचं मनगट फोडलं. माऊलीनं कुऱ्हाड टाकली. बेस खाटेवर नीट ठेवली. मग तो मेंढरांना पाणी पाजायच्या दगडी डोणीपाशी उकिडवा बसला आणि डावा हात पालथा करून डोणीच्या काठावर ठेवला.

"ये," तो धर्मराजला म्हणाला. "तोड."

आता कुठं धुळाजीला कळलं. त्यानं प्लास्टर बघितलं, पाईप बघितला, पोराचा हात बघितला. काठी टाकून तो लगबगीनं आला, पोराच्या शेजारी बसला आणि आपला सुरकुतलेला हात पोराच्या हातावर ठेवला. "माऊल्या, सर बाजूला. पावनं, कान म्या कापला. घाला माज्यावर."

कित्येक वर्षांनी बापानं त्याला नावानं हाक मारली होती. माऊलीनं बापाचा हात उचलला आणि त्याला खांद्यानं ढकललं. म्हातारा मातीत बसला.

धर्मराजला डाव्या हाताची सवय नव्हती. पहिला घाव दगडावर बसला, ठिणगी उडाली, पाईप हातातून निसटता निसटता राहिला. माऊलीनं हात काढला नाही. धर्मराजनं डोळे मिटले की उघडे ठेवले हे नंतर कुणालाच सांगता आलं नाही. दुसरा घाव बोटांवर बसला. माऊली ओरडला तो आवाज आळीच्या टोकापर्यंत गेला आणि मेंढी बिचकून लंगडत पळाली.

धर्मराजनं पाईप फेकला आणि तिथंच बसून ओकला. मग भावांना म्हणाला, "टाका ह्येला गाडीत."

बीडच्या दवाखान्यात कागद भरताना विचारलं, कशानं झालं. धर्मराजच म्हणाला, "एडक्यानं धडक दिली." लिहिणाऱ्या बाईनं एकाचं प्लास्टर बघितलं, दुसऱ्याची ठेचलेली बोटं बघितली, आणि एडका लिहून घेतलं. माऊली काहीतरी बोलायला लागला तर धर्मराज म्हणाला, "तू बोलू नगंस. तुझं कायबी ऐकायचं न्हाई मला." आणि निघून गेला. तेच त्यांचं शेवटचं बोलणं.

पुढाऱ्याचा वाढदिवस त्याआधीच, रविवारी होऊन गेलता. रामेश्वरनं परळीहून एक लॅपटॉपवाला आणला. ड्रम, बेस सगळं त्याच्या पेटीत भरलेलं होतं. कुणाच्या पायांना फरक कळला नाही, लोक मनसोक्त नाचले. तेव्हापासून रामेश्वर त्यालाच नेतो. धर्मराजचं मनगट जुळलं, पण काडी फिरत नाही. शिरूरमध्ये त्यानं भावाच्या कृषी केंद्रात बसायला सुरुवात केली. माऊलीची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट ताठ राहिलं. उरलेल्या दोन बोटांनी तो घरी हळूहळू वाजवतो. मारामारी मात्र सुटली. उन्हाळ्यात बाजारात एकानं मुद्दाम धक्का दिला, आणि माऊली बाजूला झाला. लोकांना वाटलं, हात अधू झाला म्हणून. तसं नव्हतं.

पाडव्यानंतर धुळाजी मेंढरं घेऊन घरी आला. नव्या कोकरांच्या खुणा करायच्या होत्या. डोणीपाशी बसून तो एकेक कोकरू मांडीत घेत होता, कान बोटांत धरत होता, सुरी चालवत होता. रक्ताचा ठिपका पुसून हळद लावत होता. आताशा तो माऊलीशी बोलायचा. थोडंच, पण थेट.

माऊली आतून जपानी आणि लाल, अशा दोन्ही बेस घेऊन आला आणि बापापुढं घोंगडीवर मांडल्या. लोखंड घासायची कानस शेजारी ठेवली. जगात कुठला बेस जमवणारा माणूस असं करणार नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

"आबा, ह्या दोगींचं ऱ्हायलंय," तो म्हणाला.

धुळाजीनं कानस उचलली, धार बघितली. एका बेसचा लोखंडी कान दोन बोटांत धरला, कोकराचा धरावा तसा. बराच वेळ धरून ठेवला. मग त्यानं कानस खाली ठेवली आणि दोन्ही गिटारी पोराकडं सरकवल्या.

"न्हाई रं," तो म्हणाला. "म्या खूण करायची अन् तू त्यापायी मानूस मारायचा. ऱ्हाऊ दे बिनखुणेच्याच."

त्यानं पुढचं कोकरू मांडीत ओढलं. मग चांगल्या हातानं एक आणि काखेत दाबून दुसरी, अशा दोन्ही उचलून माऊली घरात गेला.